हिवाळ्यात स्टॉकहोमला एकट्यानं पोहोचल्यावर: पहिल्या दिवसाचं तासातासाचं गणित

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात स्टॉकहोमला सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आसपास मावळतो. डिसेंबरच्या २१ तारखेच्या आगेमागे गेलात तर त्याहून कमी, पावणेनऊ ते पावणेतीन, म्हणजे जेमतेम सहा तास. तेवढ्या वेळातही सूर्य डोक्यावर येत नाही. आपल्याकडे थंडीत सकाळी आठला असतो तेवढाच तो भर दुपारी वर असतो आणि इमारतींच्या आडून तिरका बघतो.

हे आकडे आधी सांगते आहे, कारण पहिल्यांदा एकटे जाणारे बहुतेक जण पहिल्या दिवसाचा बेत ठिकाणांवरून आखतात. मीही तसाच आखला होता. यादीत सात ठिकाणं होती. दोन बघून झाली तोवर अंधारायला लागलं, बूट आतपर्यंत ओले झाले आणि साडेचार वाजता मी खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर मोजे वाळत घालून बसले होते. बाहेर मिट्ट काळोख, घरी फोन करायचा धीर होत नव्हता. तेव्हापासून मी कुणालाही एकच सांगते: पहिला दिवस उजेडावरून आखा आणि पाय कोरडे ठेवा. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

निघण्याआधीची कामं

सगळ्यात आधी कार्ड. स्वीडनमध्ये रोख पैसे जवळजवळ कुणी वापरत नाही. अनेक दुकानांच्या आणि कॅफेंच्या दारावरच रोख घेत नाही अशी पाटी असते. त्यामुळे मुंबई-पुण्यात क्रोनरच्या नोटा शोधत फिरू नका. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आणि स्पर्शानं पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करा. मर्यादाही वाढवून घ्या. पिन पाठ हवा, कारण मोठ्या रकमेला तो विचारतातच. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या आणि ती दोन वेगळ्या खिशांत ठेवा. सोबत कुणी असलं की एक कार्ड अडलं तर दुसऱ्याचं चालतं; एकट्याला तो आधार नसतो. तिथले लोक ज्या ॲपवरून एकमेकांना पैसे पाठवतात ते स्विश मात्र तिथल्या बँकेत खातं असल्याशिवाय चालत नाही, त्याच्या मागे लागू नका. हिशेबासाठी एक क्रोनर म्हणजे साधारण आठ ते दहा रुपये धरा.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच व्हिसा) घेतलेला विमा किमान ३०,००० युरोंचा असतो, त्याची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि परतीचं तिकीटही त्याच बॅगेत. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमवरून गेलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, म्हणून मधल्या विमानासाठी वेळ मोकळा ठेवा. दुबई किंवा दोहावरून गेलात तर ती थेट स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर होते.

डब्याचंही इथंच सांगते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईनं कितीही प्रेमानं दिलं तरी पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मात्र घ्या. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मऊ भात लावून त्यावर मेतकूट कालवून खाल्लं की काळोख्या संध्याकाळीही जिवाला बरं वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

कपडे, आणि त्याहून जास्त बूट

स्टॉकहोमची थंडी लडाखसारखी नसते. शहर १४ बेटांवर वसलेलं आहे. एका बाजूला मेलारेन सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. त्या पाण्यामुळे तापमान बऱ्याचदा शून्याच्या आगेमागे घुटमळतं आणि मधूनच एखादा आठवडा उणे दहा किंवा त्याच्या खाली जातो. फसवणारे दिवस असतात ते शून्याच्या आसपासचे. दिवसा बर्फ वितळतो, त्यात रस्त्यावर टाकलेली बारीक खडी मिसळते आणि राखाडी, पातळ चिखल होतो. स्वीडिश लोक त्याला ‘स्लास्क’ म्हणतात. रात्री तोच चिखल गोठतो आणि सकाळी त्याची काच होते.

म्हणून पैसे खर्च करायचे तर आधी बुटांवर करा. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, तळाला खोल नक्षी असलेले बूट हवेत. माप नेहमीपेक्षा थोडं मोठं घ्या. जाड मोजा घालूनही आत बोटं हलली पाहिजेत. बोटांभोवती जी हवा राहते तीच पायाला ऊब देते. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले तर पाय उलट जास्त गार पडतात. माझे बूट दुकानदारानं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिले होते आणि मी विश्वास ठेवला. तुम्ही घरी बादलीत पाच मिनिटं बूट बुडवून, आत कागद घालून तपासा. कागद ओला झाला तर ते बूट नेऊ नका.

अंगावरच्या कपड्यांचे तीन थर: आत लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. आत सुती बनियन घालू नका. सूत घाम शोषून घेतं आणि तो धरून ठेवतं. चढ चढताना आलेला घाम तुम्ही थांबलात की अंगावर गार पडतो आणि हुडहुडी भरते ती तिथून. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. कानांवरून खाली येणारी टोपी, मानेभोवती मफलर किंवा गळपट्टी, आणि हातमोज्यांचे दोन जोड, एक घालायला आणि एक ओला झाला तर. ओठांना लावायला व्हॅसलिन घ्या; घरांतली गरम हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात.

आपली माणसं एक चूक हमखास करतात: दुकानात, मेट्रोत, संग्रहालयात शिरल्यावरही जॅकेट अंगावरच ठेवतात. आत वीस-एकवीस अंश तापमान असतं. दहा मिनिटांत पाठ भिजते आणि ती भिजलेली पाठ घेऊन तुम्ही परत उणे पाचात येता. दार ओलांडलं की आधी चेन उघडायची, टोपी काढायची. तिथली लहान मुलंसुद्धा न सांगता हे करतात.

विमानतळावर अर्धा तास थांबा

आर्लांडा शहराच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. सामान मिळालं की लगेच धावत सुटू नका. स्वच्छतागृहात जाऊन आतलं थर्मल चढवा, मोजे बदला, बूट घाला. थर्मल घालून रात्रभर विमानात बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पाण्याची बाटली नळावर भरून घ्या. तिथलं नळाचं पाणी उत्तम असतं, बाटलीबंद पाण्यावर सबंध सहलीत एक क्रोनर खर्च करायची गरज नाही. घरी पोहोचल्याचा निरोप पाठवा आणि राहण्याच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. थंडीत फोनची बॅटरी पटापट उतरते, चाळीस टक्क्यांवरून फोन बंद पडलेला मी पाहिला आहे. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि पॉवर बँकही तिथेच.

शहरात जायचे मुख्य तीन मार्ग आहेत. आर्लांडा एक्सप्रेस ही गाडी वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते, पण महाग आहे. विमानतळाच्या बसला पाऊण तास लागतो आणि तिकीट बरंच कमी. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त: विमानतळावरून ५८३ क्रमांकाची बस घेऊन मेश्ता स्थानकाला जायचं आणि तिथून ‘पेंडेलतोग’ ही लोकल पकडायची. यासाठी शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचं साधं तिकीट चालतं. ते ७५ मिनिटं चालतं आणि त्या वेळात बस, लोकल, मेट्रो, ट्राम, काहीही बदलता येतं. तीच लोकल थेट विमानतळाखालच्या स्थानकातूनही सुटते, पण तिथून चढायला किंवा उतरायला वेगळं, बरंच जास्त शुल्क द्यावं लागतं.

मी काय करीन? सकाळी उजाडायच्या आत उतरले तर स्वस्त मार्ग. तसाही बाहेर काळोखच असतो. पण विमान अकरा-बाराला उतरत असेल तर न चुकता वेगवान गाडी. वाचलेला पाऊण तास म्हणजे त्या दिवसाच्या उजेडाचा दहावा हिस्सा, आणि तो दुसऱ्या कुठल्या पैशानं परत मिळत नाही.

तिकिटासाठी रांग लावायची गरज नाही. मेट्रोच्या फाटकावर आणि बसमध्ये कार्ड टेकवलं की एका प्रौढ माणसाचं तिकीट निघतं. ७५ मिनिटांच्या आत तेच कार्ड पुन्हा टेकवलं तर दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. मात्र कार्ड तेच हवं. आधी फोन टेकवला आणि नंतर प्लॅस्टिकचं कार्ड, तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात.

एक घोळ आधीच सोडवून देते. ‘स्टॉकहोम सेंट्रल’ हे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक, ‘स्टॉकहोम सिटी’ हे लोकलचं, आणि ‘टे-सेंत्रालेन’ हे मेट्रोचं. तिन्ही एकमेकांना जमिनीखालून जोडलेली आहेत. लोकलनं आलात तर ‘सिटी’ला उतरायचं. वर येताना सरकते जिने इतके लांब आहेत की खालून वरचं टोक दिसत नाही. उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची. बाहेर जायच्या पाटीवर जो शब्द असतो त्याचा उच्चार साधारण ‘ऊतगोंग’ असा होतो.

बॅग टाका आणि बाहेर पडा

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि तीनला दिवस संपत आलेला असतो. त्यामुळे खोलीची वाट बघत बसू नका. हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग ठेवू देतात. विचारायला लाजू नका. राहण्याची जागा लांब असेल तर मध्यवर्ती स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवा, तेही कार्डावर चालतात. चाकांची बॅग ओढत खडी आणि बर्फावरून फिरायचा प्रयत्न केलात तर पहिल्या शंभर पावलांत हात भरून येईल.

आता चालण्याबद्दल. बर्फावरून चालताना पावलं लहान टाकायची, पाय सपाट टेकवायचा, वजन पुढच्या पायावर घ्यायचं आणि हात खिशाबाहेर ठेवायचे. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाला घाबरू नका, तो पाय धरतो. भीती असते ती काळपट, चकचकीत पट्ट्याची. त्यावरून जायचं टाळा, आणि जावंच लागलं तर जिथं खडी टाकलेली दिसते तिथून जा. बुटाला खालून चढवायचे रबरी पट्टे मिळतात, त्यांना बारीक लोखंडी खिळे असतात; तिथे त्यांना ‘ब्रोद्दार’ म्हणतात. ‘क्लास ऊल्सॉन’सारख्या घरगुती सामानाच्या दुकानात ते मिळतील. तिथूनच एक ‘रिफ्लेक्स’ घ्या. जॅकेटला लटकवायचा हा लहानसा चमकता बिल्ला गाडीच्या दिव्यात लखकन उजळतो. तिथं आजीपासून बालवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या कपड्यांवर तो दिसेल. काळ्या जॅकेटातला माणूस चार वाजल्यानंतर गाडीवाल्याला दिसतच नाही.

वरही लक्ष असू द्या. छतांवर साठलेला बर्फ आणि कडेला लोंबणारे बर्फाचे भाले खाली पडतात. इमारतीच्या भिंतीला लागून फूटपाथवर काठ्या तिरक्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या किंवा लाल-पिवळी पाटी दिसली तर त्या बाजूनं जाऊ नका, रस्ता ओलांडून पलीकडे व्हा. कधी छतावर माणसं फावड्यानं बर्फ ढकलत असतात आणि खाली एक जण उभा राहून लोकांना थांबवत असतो. तो सांगेल तसं थांबा.

सिग्नल ऐकूही येतो. पादचाऱ्यांच्या खांबातून लाल असताना संथ टक… टक… टक असा आवाज येतो आणि हिरवा झाला की टकटकटकटक असा भरभर. आंधळ्या माणसांसाठी केलेली ही सोय. बर्फ पडत असताना डोळे बारीक करून चालावं लागतं, तेव्हा मलाही तिचा उपयोग झाला. सायकलींचा पट्टा मात्र ओळखून ठेवा. हिवाळ्यातही लोक त्यावरून वेगानं जातात आणि त्यात उभं राहिलेलं त्यांना खपत नाही.

आणि गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवू नका. शहराच्या मधोमध बोटी बर्फ फोडत जातात, त्यामुळे एके ठिकाणी जाड असलेला थर दहा पावलांवर पातळ असतो. दुसरं कुणी चालताना दिसलं तरी नको. एकट्यानं तर मुळीच नको.

आधी जेवा, मग फिरा

कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळात बहुतेक उपाहारगृहांत ‘दागेन्स लुंच’ मिळतो, आजचं जेवण. त्याच पैशात बऱ्याच ठिकाणी सॅलड, पाव, पाणी आणि शेवटी कॉफी असते. संध्याकाळी त्याच जागी तेवढ्या पैशात निम्मंही मिळत नाही. म्हणून दिवसातलं मुख्य जेवण दुपारीच करा. तिथली कचेरीतली माणसं साडेअकरालाच जेवायला येतात. गर्दी टाळायची तर सव्वाअकराला जा.

शाकाहारी असाल तर ‘वेगेतारिस्क’ हा शब्द पुरतो. तरी ‘फ्लेस्क’ म्हणजे डुकराचं मांस, ‘न्योत’ म्हणजे गाईचं, ‘शिक्लिंग’ म्हणजे कोंबडी, ‘फिस्क’ म्हणजे मासे, एवढे चार शब्द लिहून ठेवा. सगळ्यांना उत्तम इंग्रजी येतं, विचारलं की नीट सांगतात. फक्त आत शिरल्यावर आधी ‘हेय’ (नमस्कार) म्हणा आणि शेवटी ‘तक’ (धन्यवाद). ही दोन अक्षरं विसरून थेट प्रश्न विचारलेला तिथे उद्धटपणाचा वाटतो.

एकट्यानं जेवायला संकोच वाटेल, विशेषतः बायकांना, असं आपल्याकडे गृहीत धरतात. स्टॉकहोममध्ये तुमच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. शेजारच्या चार टेबलांवर चार माणसं एकेकटी जेवत असतात.

बारा ते पावणेचार: सोन्यासारखा वेळ

पहिल्या दिवशी एकच फेरी करा आणि ती पायी करा. मध्यवर्ती स्थानकाजवळून ड्रॉटनिंगगातान या फक्त पायी चालायच्या रस्त्यानं दक्षिणेला निघायचं. रस्ता पूल ओलांडून थेट संसदेच्या इमारतींच्या कमानींखालून जातो आणि पलीकडे गामला स्तान, म्हणजे जुनं शहर, सुरू होतं. भराभर चाललं तर पंधरा मिनिटं, पण पुलावर थांबाच. खाली पाणी इतक्या जोरात वाहतं की गोठत नाही, आजूबाजूला सगळं पांढरं आणि मध्ये काळं, फेसाळ पाणी.

गामला स्तानमध्ये स्टुर्टोर्येत हा चौक. नोबेल पारितोषिकाचं संग्रहालय इथेच जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत आहे. आज इतका देखणा दिसणाऱ्या या चौकात १५२० च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या राजानं ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली होती. चौकातून निघालेल्या गल्ल्यांत भटकताना मोर्टेन ट्रोत्सिग गल्ली शोधा. तिची अरुंद बाजू ९० सेंटिमीटर आहे आणि ३६ पायऱ्या. जाड जॅकेट घातलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावंच लागतं. पायऱ्यांवर बर्फ असेल तर खालूनच बघून परत फिरा.

पण मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. राजवाड्याच्या चढणीसमोर फिनिश चर्च आहे, त्याच्यामागे एक छोटं अंगण. तिथं एक लोखंडी मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला आहे, फक्त १५ सेंटिमीटर उंच. वीत उघडून मोजली तर वीतही भरत नाही. लिस एरिक्सन या शिल्पकाराचं हे काम, १९६७ मध्ये तिथं बसवलेलं. चंद्राकडे बघणारा मुलगा असं त्याचं नाव आहे. हिवाळ्यात कुणी कुणी त्याच्यासाठी लोकरीची टोपी आणि मफलर विणून आणतात आणि त्याला घालून जातात. मी गेले तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती, खांद्यावर ताजा बर्फ, आणि पुढ्यात कुणीतरी दोन नाणी ठेवली होती. अनोळखी गावात एकटीनं आलेली असताना, त्या एवढ्याशा मुलाला थंडी वाजू नये म्हणून कुणीतरी बसून टाके घातले आहेत, याचं मला फार अप्रूप वाटलं. दहा मिनिटं मी तिथून हलले नाही.

मधूनमधून आत शिरत राहा. चाळीस मिनिटं बाहेर, पंधरा-वीस मिनिटं आत, असं प्रमाण धरलं तर पाय बधिर होत नाहीत. बोटांना मुंग्या येणं थांबून ती लागेनाशी झाली तर मात्र लगेच आत जा आणि बूट सैल करा.

अडीचच्या सुमारास गामला स्तानच्या दक्षिण टोकाला स्लुसेनचा पूल ओलांडून सॉदरमाल्म या बेटावर चढा. तिथं कड्याच्या काठानं जाणारी मोन्टेलियुसवेगन ही पाचेकशे मीटरची पायवाट आहे. समोर पाणी, पलीकडे लाल विटांची नगरपालिकेची इमारत, स्टाट्सहुसेत. १९२३ मध्ये ती उघडली, मनोरा १०६ मीटर उंच, टोकावर तीन सोनेरी मुकुट, आणि दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी तिथंच होते. उतरत्या उन्हात त्या विटा पेटल्यासारख्या दिसतात आणि पाण्यावरच्या बर्फाला निळी झाक येते. ही वाट खूप निसरडी होते. तिथं पोहोचल्यावर ती काचेसारखी दिसली तर मागच्या बाजूची समांतर बास्तुगातान गल्ली धरा. मारियातोरियेत हे मेट्रो स्थानक तिथून जवळ आहे. ऊन गेलं की पाच मिनिटांत हवा बदलते, तेव्हा फार रेंगाळू नका.

काळोख पडल्यावर

हीच वेळ कठीण असते. चार वाजलेत, शरीर सांगतं रात्र झाली, खोलीत जाऊन पांघरूण घ्यावंसं वाटतं. घेतलंत तर रात्री एकला टक्क जाग येईल. निदान आठ-नऊपर्यंत स्वतःला जागं ठेवा.

वासा संग्रहालय याच वेळी गाठायचा मोह होईल. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर, बंदरातून बाहेर पडता पडता बुडालेलं ते जहाज १९६१ मध्ये वर काढलं. ते बघायला लोक मुद्दाम स्टॉकहोमला येतात. म्हणूनच माझं म्हणणं, पहिल्या दिवशी नको. बहुतेक दिवशी ते हिवाळ्यात पाचला बंद होतं आणि आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. प्रवासानं शिणलेले डोळे तिथं मिटायला लागतात. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्यानं जा.

त्याऐवजी मेट्रोत उतरा. १९५० मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोला शंभर स्थानकं आहेत आणि त्यातल्या नव्वदाहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. निळ्या मार्गावर खडक कापून तयार केलेल्या गुहा तशाच ठेवल्या आहेत. ११ क्रमांकाची गाडी धरा. कुंगस्ट्रेदगोर्दन स्थानकात हिरव्या-लाल-पांढऱ्या रंगांच्या भिंती आणि जुन्या राजवाड्याच्या शिल्पांचे अवशेष. टे-सेंत्रालेनला पेर ऊलोफ उल्टवेट यांनी १९७५ मध्ये पांढऱ्या खडकावर रंगवलेली निळी वेल, घाईतल्या माणसाला शांत वाटावं म्हणून निवडलेला निळा. छताकडे नीट बघा. स्थानक बांधणाऱ्या गवंडी-सुतारांच्या आकृती तिथं निळ्या रंगात उभ्या आहेत. पुढे सोल्ना सेंत्रुम, रक्तासारखं लाल आकाश आणि त्याखाली हिरवं सूचिपर्णी जंगल. फाटकाबाहेर पडू नका, फलाटावर उतरून पुढची गाडी धरायची. सगळं उबेत आणि एका तिकिटात होतं. हीच गाडी पुढे शिस्ताला जाते. तिथं आयटी कंपन्या बऱ्याच आहेत, त्यांत भारतीय माणसं खूप, त्यामुळे डब्यात अचानक ओळखीची भाषा कानावर पडली तर दचकू नका.

मग कॉफी. कॉफी आणि सोबत काहीतरी गोड घेऊन निवांत बसणं याला तिथं ‘फीका’ म्हणतात. कुंगस्गातानवर १९२८ पासूनचं वेतेकातेन आहे, खोलीत खोली असलेलं जुनं कॅफे. दालचिनीचा ‘बुल्ले’, म्हणजे गोड पाव, सगळे सांगतील. मी वेलदोड्याचा सांगेन. वेलदोडा तिथं इतक्या सढळ हातानं घालतात की बेकरीचं दार उघडलं की आपल्या घरात श्रीखंड चाललंय असं वाटतं. जानेवारी-फेब्रुवारीत ‘सेमला’ मिळतो, पावाच्या आत बदामाचं सारण आणि वर घोटलेली साय. अंडं खात नसाल तर आधी विचारा.

घरी फोन करायला हीच वेळ उत्तम. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. तिथं चार वाजले की घरी साडेआठ, सगळे जेवायला बसलेले. मी पहिल्या दिवशी रडवेला आवाज ऐकू जाईल म्हणून फोन टाळला. तसं करू नका. आधी खा, मग फोन करा, आवाज आपोआप नीट येतो.

परतताना खिडक्यांकडे बघत चला. डिसेंबरभर, आणि पुढे १३ जानेवारीपर्यंत बहुतेक घरांच्या खिडकीत कागदी चांदणी किंवा सात दिव्यांची कमान उजळलेली असते. पडदे ओढलेले नसतात. बाहेरच्याला उजेड मिळावा म्हणूनच ते दिवे काचेला लावून ठेवतात. दिवाळीतल्या आकाशकंदिलांच्या रांगेखालून चालल्यासारखं वाटतं.

रात्रीची तयारी

खोलीवर जाण्याआधी ‘ईका’, ‘कोप’ किंवा ‘हेमशॉप’ यांपैकी कुठल्याही दुकानातून दूध, पाव, केळी, दही घ्या, म्हणजे सकाळी उपाशीपोटी बाहेर पडावं लागणार नाही. संकटात ११२ आणि तब्येतीच्या सल्ल्यासाठी ११७७, हे दोन नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

हॉस्टेलमध्ये किंवा कुणाच्या घरी उतरला असाल तर बूट दाराशीच काढायचे, अगदी आपल्यासारखं. ते रेडिएटरवर ठेवू नका, कातडं तडकतं आणि तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. सकाळपर्यंत कोरडे होतात. मोजे आणि हातमोजे मात्र रेडिएटरवर चालतील. फोन आणि पॉवर बँक दोन्ही चार्जिंगला लावा. आपल्या दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

गजर साडेसातचा लावा. जाग आल्यावर बाहेर मिट्ट काळोख दिसेल. पुन्हा झोपू नका. उजेडाला पाऊण तास आहे, तेवढ्यात आंघोळ आणि न्याहारी उरकते आणि आठच्या ठोक्याला दारात उभं राहून बूट बांधता येतात.